नेटवर्कचा नकाशा कुणाच्या हातात? मुक्त सॉफ्टवेअर आणि आंबेडकरी तरुण



फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेचा अहवाल बाहेर आला. भीमा-कोरेगाव प्रकरणातील आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची ती तपासणी होती. १३ जून २०१६ रोजी आलेल्या एका ईमेलमधून त्या लॅपटॉपमध्ये नेटवायर नावाचे दुरून ताबा घेणारे सॉफ्टवेअर शिरले, बावीस महिन्यांहून अधिक काळ ते तिथे होते आणि ज्या पत्रांचा पुरावा म्हणून गाजावाजा झाला ती पत्रे बाहेरून आणून ठेवली गेली, असे त्या अहवालात म्हटले आहे. तपास यंत्रणेला हे मान्य नाही. न्यायालय काय ठरवायचे ते ठरवेल.

आपल्या चळवळीने या अहवालावर भरपूर लिहिले, मोर्चे काढले, निषेध केले. ते योग्यच होते. पण एक प्रश्न आपण स्वतःला विचारलाच नाही. दुरून ताबा घेणारे कुठलेही सॉफ्टवेअर आपल्या मालकाशी बोलल्याशिवाय काम करू शकत नाही आणि ते बोलणे नेटवर्कवरूनच होते. बावीस महिने जर एखादे यंत्र एका अनोळखी पत्त्याशी बोलत असेल, तर ते ऐकणारे आपल्या बाजूला कोण होते? आपल्या किती संघटनांच्या कार्यालयात, वसतिगृहात, अभ्यासिकेत असे ऐकू शकणारा एक तरी तरुण आहे?

ऐकणारी साधने फुकट आहेत, खुली आहेत आणि गेली पंचवीस-तीस वर्षे उपलब्ध आहेत. ती लोकांच्या संगणकापर्यंत पोहोचवण्याचे काम म्हणजे पॅकेजिंग. माझे म्हणणे असे की, हे काम आंबेडकरी तरुणांनी अंगावर घेतले पाहिजे. ते तांत्रिक आहे म्हणून बाजूला ठेवणे आपल्याला परवडणारे नाही.

ऐकून नकाशा काढणे

नेटवर्कचा नकाशा दोन प्रकारे काढता येतो. पहिला प्रकार म्हणजे प्रत्येक दार ठोठावत जायचे : इथे कोण आहे, कुठले दार उघडे आहे? १९९७ साली आलेले एनमॅप हे साधन प्रामुख्याने असे काम करते. दुसरा प्रकार म्हणजे चौकात शांत बसून ऐकायचे. कुणालाही हाक मारायची नाही. हा निष्क्रिय नकाशा.

संगणक, फोन, प्रिंटर, सीसीटीव्ही कॅमेरा ही सगळी यंत्रे नेटवर्कवर सतत काहीतरी बोलत असतात. नेटवर्कला जोडताच यंत्र पत्ता मागते. 'अमुक पत्ता कुणाचा आहे?' असे सगळ्यांना ओरडून विचारते. प्रिंटर स्वतःची जाहिरात करतो. हे नुसते ऐकले तरी इथे किती यंत्रे आहेत आणि कुठल्या बनावटीची आहेत याचा अंदाज येतो. आर्पवॉच नावाचे जुने साधन कुठला पत्ता कुठल्या यंत्राचा आहे याची वही ठेवते आणि पत्त्यामागचे यंत्र अचानक बदलले की कळवते. राउटर असल्याची बतावणी करून कुणी मधे घुसला, तर पहिला इशारा इथून मिळतो.

पी-झीरो-एफ हे मिखाल झालेव्स्की यांचे साधन आणखी पुढे जाते. जोडणीच्या पहिल्याच पाकिटावरून ते समोर कुठली प्रणाली आहे हे ओळखते. लिनक्स साधारणपणे पाकिटावर ६४ चा आकडा टाकून पाठवते, विंडोज १२८ चा. पाकिटातल्या पर्यायांचा क्रमही प्रत्येक प्रणालीचा वेगळा असतो. माणसाच्या बोलीवरून गाव ओळखावे तसा हा प्रकार आहे. आणि बोलीवरून, आडनावावरून माणसाची 'जागा' ओळखणाऱ्या देशात आपण राहतो, त्यामुळे या विद्येची ताकद आणि तिचा धोका दोन्ही आपल्याला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही.

मर्यादाही सांगतो, म्हणजे कुणी भुलणार नाही. स्विच असलेल्या नेटवर्कवर आपल्याला सगळ्यांचे बोलणे ऐकू येत नाही. जे सर्वांना उद्देशून बोलले जाते तेवढेच येते. बाकीचे ऐकायचे तर राउटरवर किंवा स्विचच्या खास पोर्टवर बसावे लागते. मजकूर बहुतेक वेळा कूटबद्ध असतो, पण कोण कुणाशी, कधी आणि किती वेळ बोलले हे उरते. नेटवायरसारखी गोष्ट पकडायला नेमके हेच 'कोण कुणाशी' लागते. अर्थात नोंद असणे वेगळे आणि ती रोज वाचणारा माणूस असणे वेगळे.

पॅकेजिंग म्हणजे काय काम?

डेबियन हे मुक्त सॉफ्टवेअरचे वितरण १९९३ साली इयन मर्डॉक यांनी सुरू केले. आज त्यात साठ हजारांहून अधिक पॅकेजे आहेत. उबुंटू त्याच्यावर उभे आहे. सुरक्षा तपासणीसाठी प्रसिद्ध असलेले काली लिनक्सही त्याच्यावरच उभे आहे. म्हणजे डेबियनमध्ये एक साधन नीट बसवले की ते खाली अनेक वितरणांत झिरपते.

एखादे साधन डेबियनमध्ये आणायचे तर आधी जाहीर नोंद करावी लागते की हे मी पॅकेज करणार आहे. मग मूळ कोड घ्यायचा, त्यातल्या प्रत्येक फाइलचा मालक कोण आणि परवाना कुठला हे लिहून काढायचे, ते कशावर अवलंबून आहे ते सांगायचे, बांधणीचे नियम लिहायचे, दोष शोधणाऱ्या तपासणीतून ते पार करायचे. नव्या माणसाला थेट पाठवता येत नाही. अनुभवी सदस्य ते तपासतो आणि आपल्या सहीने पाठवतो. त्यानंतरही नवे पॅकेज एका रांगेत थांबते आणि तिथे परवाने पुन्हा तपासले जातात. मग अस्थिर, मग चाचणी, मग स्थिर आवृत्ती. आणि त्यानंतर वर्षानुवर्षे त्या पॅकेजच्या तक्रारींना उत्तर देत राहायचे.

या कामाला टाळ्या मिळत नाहीत. नवे साधन लिहिणाऱ्याचे नाव होते. ते जगभर चालते ठेवणाऱ्याचे नाव कुणाला माहीत नसते. जे काम नसले की सगळे अडते आणि असले की दिसत नाही, त्या कामाची किंमत काय असते हे आपल्या समाजाइतके कुणाला ठाऊक आहे?

ही किंमत मार्च २०२४ मध्ये सगळ्या जगाला कळली. एक्सझेड नावाच्या छोट्या कॉम्प्रेशन लायब्ररीत कुणीतरी चोरवाट घुसवली होती. ती लायब्ररी एकच थकलेला माणूस बिनपगारी सांभाळत होता. मदतीच्या नावाखाली एक अनोळखी व्यक्ती आली, दोन-अडीच वर्षे विश्वास कमावला आणि मग विष कालवले. गंमत अशी की चोरवाटेचा निर्णायक भाग उघड्या कोडच्या भांडारात नव्हता, तो प्रकाशित केलेल्या गठ्ठ्यात होता. म्हणजे नेमका पॅकेजिंगच्या टप्प्यावर घाव होता. डेबियनच्या अस्थिर आणि चाचणी शाखांत ते पोहोचले, स्थिर आवृत्तीत नाही. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतेय असे जाणवले आणि त्याने मुळापर्यंत जाऊन शोधले, म्हणून जग वाचले.

तथागतांनी धम्माला एहिपस्सिको म्हटले : या आणि पाहा. कुणी सांगितले म्हणून मानू नका, तपासा. खुल्या कोडचे सगळे बळ याच तत्त्वात आहे. पण 'या आणि पाहा' म्हटल्यावर कुणी आलेच नाही, कुणी पाहिलेच नाही, तर उघडे दार चोरालाही उघडेच असते.

भेदभाव नाही, म्हणजे कुणाशीच नाही

डेबियनने १९९७ साली आपला सामाजिक करार मंजूर केला. त्यातल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या कसोट्यांपैकी पाचवी सांगते की परवान्याने कुठल्याही व्यक्तीशी वा समूहाशी भेदभाव करू नये. सहावी सांगते की कुठल्या क्षेत्रात वापर करायचा यावरही बंधन घालू नये. 'फक्त शिक्षणासाठी', 'लष्कराला मनाई' अशी अट असलेले साधन डेबियनच्या मुख्य भागात येऊ शकत नाही.

इथे आपले अनेक कार्यकर्ते थबकतात. म्हणजे जे साधन आपण पॅकेज करू तेच पोलीस वापरतील? वसतिगृहाचा जातीयवादी अधीक्षक वापरेल? आयटी सेल वापरेल? होय, वापरू शकतील. या आक्षेपाला टाळून चालणार नाही.

माझे उत्तर असे. राज्यसंस्थेला आपल्या पॅकेजची वाट पाहावी लागत नाही. औद्योगिक नेटवर्कचा निष्क्रिय नकाशा काढणारे ग्रासमार्लिन हे साधन खुद्द अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने तयार केले आहे. आपल्या देशात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली २० डिसेंबर २०१८ च्या आदेशाने दहा यंत्रणांना संगणकातील माहिती अडवण्याचे, पाहण्याचे अधिकार दिले गेले. पेगॅसससारखी अस्त्रे कोट्यवधी मोजून विकली जातात. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपने ज्यांना धोक्याची सूचना दिली त्या भारतीयांत भीमा-कोरेगाव खटल्याशी संबंधित वकील आणि कार्यकर्तेही होते. बलवानांकडे डोळे आणि कान आहेतच. साधन बंद ठेवले तर फक्त दुर्बळ बहिरा राहतो.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा मागणी 'आमच्यासाठी वेगळे तळे' अशी नव्हती. तळे सर्वांचे आहे, ही मागणी होती. त्या तळ्यावर आपले शत्रूही पाणी पीत होते आणि पुढेही पिणार होते. सार्वजनिक गोष्टीवरचा हक्क हा असाच असतो. त्यात शत्रूला वगळण्याची सोय मागितली की उद्या तीच सोय आपल्याविरुद्ध वापरली जाते, हे अस्पृश्यतेचा इतिहास जगलेल्यांनी तरी विसरू नये.

परवाना बांधू शकत नाही, पॅकेज बांधू शकते

मग सगळे खुले सोडायचे का? नाही. परवान्यात अट घालता येत नाही, पण साधन बसल्याबरोबर काय करेल हे पॅकेज करणारा ठरवतो. आणि बहुसंख्य लोक जे मिळते तेच तसेच वापरतात.

डेबियनमधले वायरशार्क पाहा. ते बसवताना प्रश्न विचारला जातो : साध्या वापरकर्त्यांनाही नेटवर्कवरची पाकिटे पकडू द्यायची का? ठरलेले उत्तर 'नाही' आहे. 'हो' म्हटले तरी ती मुभा एका ठरावीक गटातल्या लोकांनाच मिळते. एवढ्या छोट्या प्रश्नात सत्तेचा केवढा मोठा निर्णय आहे! एका सामायिक संगणकावर कोण कुणाचे ऐकू शकेल, हे त्या एका ओळीने ठरते.

डेबियनमध्ये पार्श्वभूमीत चालणारी सेवा बसवली की ती साधारणपणे आपोआप सुरूही होते. ऐकणाऱ्या साधनाबाबत हे धोक्याचे आहे. म्हणून आपला तरुण असे पॅकेज सांभाळत असेल तर त्याने चार गोष्टींवर भांडले पाहिजे. सेवा सांगितल्याशिवाय सुरू होऊ नये. सर्वाधिकार हातात ठेवून साधन चालू नये, पाकिटे पकडण्यापुरता अधिकार घेऊन बाकीचे सोडून द्यावेत. नोंदींची फाइल सगळ्यांना वाचता येऊ नये आणि ती ठरावीक दिवसांनी पुसली जावी. आणि सोबतच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहावे की हे ऐकते, कुणाचे ऐकते आणि काय साठवते.

पाचवी गोष्ट ठशांच्या यादीची. पी-झीरो-एफची तिसरी आवृत्ती २०१२ ची. प्रणाली ओळखण्याचे ठसे ज्यांच्याकडे जी यंत्रे होती त्यांनी गोळा केले. यादी ताजी केली नाही तर नवी यंत्रे 'अनोळखी' म्हणून पडून राहतात. आपल्या वस्त्यांतले स्वस्त फोन, स्थानिक केबलवाल्याने दिलेले राउटर, ग्रामपंचायतीतले जुने संगणक यांचे ठसे कोण गोळा करणार? ज्यांची नोंद होत नाही त्यांच्यासाठी काही होत नाही, हे आपण जातनिहाय जनगणनेच्या लढ्यात अनेक वर्षे सांगत आलो आहोत.

निष्क्रिय म्हणजे निरुपद्रवी, असा गैरसमज मात्र कुणी करून घेऊ नये. शेजाऱ्याचे बोलणे भिंतीला कान लावून ऐकणे हेही 'निष्क्रिय'च असते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. तो हक्क आपल्या वसतिगृहातल्या मुलीलाही आहे, फक्त सरकारविरुद्ध नाही, आपल्याच कार्यकर्त्यांच्या उत्साहाविरुद्धही आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय नेटवर्कमध्ये शिरणे वा माहिती काढणे बेकायदा आहे आणि ते अप्रामाणिकपणे केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद वा पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून शिकायचे ते स्वतःच्या नेटवर्कवर, किंवा लेखी परवानगी घेऊन आणि तिथल्या सगळ्यांना सांगून. आपल्या तरुणांवर खोटे गुन्हे दाखल करायला टपलेली व्यवस्था आहे. तिला खरे कारण हातात देऊ नका.

'तिथे जात नसते' म्हणणाऱ्यांना

मुक्त सॉफ्टवेअरच्या वर्तुळात एक लाडका युक्तिवाद असतो : इथे फक्त कोड बोलतो, जात-धर्म कुणी विचारत नाही. हेच वाक्य आपण आयआयटीबद्दल ऐकले, माध्यमांबद्दल ऐकले, न्यायव्यवस्थेबद्दल ऐकले. जगाच्या नेटवर्कची यंत्रे बनवणाऱ्या सिस्को कंपनीविरुद्ध जून २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या विभागाने एका दलित अभियंत्याशी जातीय भेदभाव झाल्याचा आरोप करून दावा दाखल केला. कंपनीने आरोप नाकारले. पण जात समुद्र ओलांडून सर्व्हरच्या खोलीपर्यंत पोहोचते का, हा प्रश्न त्यानंतर कुणाला हसून उडवता आला नाही.

डेबियनमध्ये दरवर्षी प्रमुखाची निवडणूक होते, पसंतीक्रमाने मतदान होते, लिखित घटना आहे. आपल्या कितीतरी संघटनांनी हे शिकण्यासारखे आहे. पण मताचा अधिकार पूर्ण सदस्याला मिळतो. त्या वाटेवर ओळख पटवण्यासाठी सदस्यांनी एकमेकांच्या डिजिटल चाव्यांवर सह्या करण्याची पद्धत रूढ आहे आणि त्यासाठी सहसा प्रत्यक्ष भेटावे लागते. पुण्या-बंगळुरूच्या मुलाला संध्याकाळच्या बैठकीत जे मिळते, त्यासाठी उमरग्याच्या किंवा गोंदियाच्या मुलीला प्रवासभाडे जमवावे लागते. फावला वेळ, चांगले इंटरनेट, इंग्रजीत भांडण्याचा आत्मविश्वास, ही सगळी वारशाने मिळणारी संपत्ती आहे. तिला 'गुणवत्ता' म्हणणे हा जुनाच डाव आहे.

तरीही मी म्हणतो, आत शिरा. कारण इथले दार निदान लिखित नियमांनी बंद-उघड होते. नियम जाहीर आहेत, चर्चा जाहीर आहे, नाकारले तर सहसा कारण सांगितले जाते. डेबियनची परिषद सप्टेंबर २०२३ मध्ये कोचीला झाली. दूरच्या सहभागींसाठी तिथे प्रवासखर्चाची मदतही असते. आपल्या संघटनांनी आणि नोकरदार वर्गाने दरवर्षी अशा दोन-चार मुलामुलींचा खर्च उचलणे हे जयंतीच्या एका डीजेच्या खर्चापेक्षा जास्त नाही.

'आधी पोटाचे बघा'

शेवटचा आक्षेप आपल्याच माणसांचा. शिष्यवृत्त्या थकल्या आहेत, अत्याचार थांबत नाहीत, आरक्षण कंत्राटी भरतीने पोखरले जाते आहे आणि तुम्ही पॅकेजिंग काय घेऊन बसलात?

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केला तेव्हा आपल्या लोकांच्या पोटाची स्थिती आजच्यापेक्षा बरी होती का? पुढे त्यांनी स्वतःचा छापखाना उभारला, कारण दुसऱ्याच्या यंत्रावर आपला आवाज फार काळ टिकत नाही हे त्यांनी ओळखले होते. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि तिथला छापखाना पाडला गेला तेव्हा हजारो लोक रस्त्यावर उतरले. आज आपला छापखाना म्हणजे आपले फोन, लॅपटॉप, संघटनेचे ईमेल, अत्याचारग्रस्तांच्या जबाबांच्या फाइल्स. हा छापखाना कुणी आवाज न करता आतून पोखरला तर आपल्याला कळेल तरी का?

म्हणून सांगणे साधे आहे. प्रत्येक जिल्ह्यात पाच जणांचा एक गट करा. हजारो रुपये घेणाऱ्या 'एथिकल हॅकिंग'च्या क्लासला पैसे घालण्याआधी एका जुन्या संगणकावर डेबियन बसवा. आपल्या अभ्यासिकेच्या नेटवर्कवर, सगळ्यांना सांगून, एक महिना आर्पवॉच चालवा आणि रोजची नोंद वाचायला शिका. मग त्या साधनाच्या पॅकेजमधला एक दोष नोंदवा. मग एक दुरुस्त करा. वाऱ्यावर सोडलेली अनाथ पॅकेजे डेबियनमध्ये जाहीर यादीत असतात, त्यातले एखादे दत्तक घ्या. माहितीपत्रकाचे मराठी करा. दोन वर्षांत त्या पाचांपैकी एकाची सही जगभरच्या संगणकांवर जाणाऱ्या पॅकेजवर असेल.

गावाच्या नकाशात आपली वस्ती कुठे असावी हे हजारो वर्षे दुसऱ्यांनी ठरवले. नेटवर्कचा नकाशाही दुसरेच काढत आहेत आणि त्यावर आपण फक्त ठिपके आहोत. पेन उचलायला कुणाची परवानगी लागत नाही. परवाना तसे लिहूनच देतो.

जयभीम! जय संविधान!